चिंतामणरावांचा तयार कान

आमच्या चिखलीत ज्याला जरा कमी ऐकू येतं तो सुखी, असं मी एकदा स्टाफरूममध्ये बोलून गेले होते. बाजार समितीतला लिलावाचा गलका, स्टँडबाहेर जीपवाल्यांची "अमडापूर, अमडापूर, खामगाव" ही आरोळी, लग्नसराईत खिडक्यांची तावदानं हलवणारा डीजे, हे सगळं ज्याच्या कानावरून नुसतं वाहून जातं त्याच्याइतका भाग्यवान कोण? समोर स्नेहलताताई बसली होती. ती हसली. मीही हसले. माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ती कुणाला लागली हे कळायला वर्ष गेलं.

स्नेहलताताई म्हणजे चिंतामणराव देहाडराय यांची बायको. ती आणि मी अमडापूरच्या एकाच शाळेत शिकवतो, ती मराठी, मी विज्ञान. राहतोही चिखलीत एकाच कॉलनीत, भिंतीला भिंत लागून. सकाळच्या एसटीत शेजारीशेजारी बसून आमची अठरा वर्षं गेली. तरी ही हकीकत चिंतामणरावांची आहे, कारण ते जिथे असतात तिथे दुसऱ्या कुणाची हकीकत सांगायला जागाच उरत नाही.

चिंतामणराव एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. वय छप्पन्न, कपाळावर गंध, खिशाला दोन पेनं, गळ्यात हेडफोन. खिडकीपलीकडचा माणूस तीनदा "साहेब, माझा दाखला" म्हणाला तरी ते यांच्यापर्यंत पोहोचत नसे. मात्र साठ वर्षांपूर्वीच्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात तंबोऱ्यांच्या मागे कुणी पानाचा डबा बंद केला, तर तो पितळेचा होता की जर्मनचा, हे ते छातीठोक सांगत. खरं-खोटं करायला त्या मैफिलीतलं कुणी जिवंत नव्हतं, त्यामुळे त्यांचा कान तयार आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्यांच्या घरात मागे एक खोली आहे. पूर्वी तिथे पावसाळ्यात कपडे वाळायचे. आता तिथे दोन जुने ॲम्प्लिफायर आणि चार हेडफोन राहतात, आणि कपडे दिवाणखान्यात पाहुण्यांच्या डोक्यावर वाळतात. एक ॲम्प्लिफायर जपानी, १९७८ सालचा, चांदीच्या रंगाचा आणि दळणाच्या डब्याएवढा जड. त्याचं नाव जपान्या. दुसरा त्याहून म्हातारा, आत काचेचे दिवे पेटणारा. तो दिवेवाला. दिवेवाला तापायला वीस मिनिटं लागतात. मे महिन्यात चिखलीत माणूस विनादिव्याचा तापतो, पण त्या खोलीत पंखा लावायला बंदी होती. पंख्याच्या घरघरीनं म्हणे आवाजातली हवा जाते.

"मोबाइलमध्ये खुपसला की हेडफोन वाजतोच न भाऊजी, मग हे धूड कशाले?" असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मला माझ्या बीएस्सीची लाज वाटली.

"मॅडम, वाजणं वेगळं अन् ऐकू येणं वेगळं," ते म्हणाले.

वाक्य चांगलं होतं. स्वतःला लावून पाहायची त्यांना गरज वाटली नाही, एवढंच.

तर या यंत्रांची तुलना करून त्यावर लिहिणं हा चिंतामणरावांचा खरा व्यवसाय. कचेरी हा जोडधंदा. राज्यभरातल्या दोनेकशे शौकिनांचा मोबाइलवर एक गट आहे. तिथे महिन्यातून एकदा यांचा लेख पडतो आणि पुण्या-नाशिकचे लोक वाहवा करतात. बोलायची वेळ आली की तेच लोक यांच्या "होऊन राह्यलं" ला गालात हसतात, म्हणून हे लिहितात जास्त आणि बोलतात कमी. निदान तिथे. लेखात असं असतं: "जपान्याचा खर्ज जमिनीवर पाय रोवून उभा राहतो, मात्र उघड्या पाठीच्या हेडफोनवर दिवेवाल्याचा मधला स्वर अधिक ओला वाटतो." ओला स्वर कसा असतो हे मी स्नेहलताताईला विचारलं होतं. ती म्हणाली, "मले काय माहीत? मी तर भिजलेले टॉवेल उचलते."

पण चिंतामणराव नुसते शब्दांचे बुडबुडे सोडणारे नव्हते. त्यांना पद्धत होती, आणि मी विज्ञानाची बाई, पद्धतीला मान देणं मला भाग आहे. त्यांचं म्हणणं असं की जो यंत्राचा मालक आहे त्याचा कान पक्षपाती असतो. आपल्या पोराचं गाणं कुणाला बेसूर वाटतं? म्हणून यंत्राची ताकद तपासायला अलिप्त कान हवा, ज्याला यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. असा कान घरातच होता. दर रविवारी सकाळी दहाला स्नेहलताताईनं हातातलं काम टाकून मागच्या खोलीत यायचं, खुर्चीवर बसायचं, हेडफोन घालायचे. एका जुन्या कीर्तनाची फीत लागायची, बुवा अगदी हळू आवाजात आख्यान सांगताहेत अशी. आवाजाचं बटण शून्यावरून ताईनंच हळूहळू फिरवायचं आणि बुवांचे शब्द कळायला लागले की थांबायचं. बटणाभोवती घड्याळासारखे आकडे काढलेला पुठ्ठा चिकटवलेला होता. शून्य साताच्या जागी. ताई थांबली की चिंतामणराव वाकून आकडा बघत, वहीत लिहीत आणि विचारत, "कसं वाटलं?" ती जे सांगेल तेही जसंच्या तसं लिहीत. आधी जपान्या, मग दिवेवाला. मग ताईची सुटका. दोन वर्षांत एक रविवार चुकला नाही. देवाचा अभिषेक चुकला, पण हे नाही.

आणि मग चिंतामणरावांना त्यांचा मोठा शोध लागला. जपान्या खचत होता.

सुरुवातीला बुवांचे शब्द साडेआठावर कळायचे. सहा महिन्यांनी त्यासाठी साडेनऊ लागायला लागले. वर्षानं अकरा. दिवेवाल्याचंही तेच. यांनी गटावर लेख लिहिला: जुन्या यंत्रांना वऱ्हाडचं ऊन आणि वरखाली होणारी वीज कशी आतून पोखरते. लेखाला गटाच्या इतिहासातल्या सर्वांत जास्त टाळ्या मिळाल्या. त्यात एक वाक्य होतं: "आवाज येतो, पण शब्द कापसात गुंडाळल्यासारखे येतात." पुण्याच्या एका जाणकारानं लिहिलं की हे वर्णन फक्त कापसाच्या मुलखातला माणूसच करू शकतो. चिंतामणरावांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. चिखलीत किसनराव म्हणून मोटारींचं वायंडिंग करणारे जुने मिस्तरी आहेत, रेडिओच्या जमान्यातले. जपान्या त्यांच्याकडे गेला, आतले पार्ट बदलून आला. पुढच्या रविवारी आकडा जैसे थे. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा किसनरावांनी त्याला हात न लावता परत दिला.

"साहेब, याच्यात काहीच खराबी नाही," ते म्हणाले. "जे काई बिघडलं असन ते तुमच्या घरी बिघडलं हाये. घरी पाहा."

याचा अर्थ चिंतामणरावांनी घरचं वायरिंग असा लावला आणि सगळ्या घराचं वायरिंग नवं केलं. तरी बुवा मागेच मागे सरकत राहिले. शेवटी त्यांनी एक नवा कोरा, आजच्या काळातला छोटा ॲम्प्लिफायर मागवला. खोका फोडून त्याच रविवारी त्याची परीक्षा घेतली, आणि पहिल्याच दिवशी तोही म्हातारा निघाला. कंपनीला यांनी जे पत्र लिहिलं त्यातली मराठी स्नेहलताताईकडून तपासून घेतली होती.

आता शाळेचं सांगते. तिथली थट्टा मला करता येत नाही.

मागच्या डिसेंबरात मी आठवीच्या वर्गावरून चालले होते. आत ताईचा कवितापाठांतराचा तास. एक पोरगा उभा राहून कविता म्हणत होता. तोंड हलत होतं, हात हलत होते, आवाज मात्र नव्हता. मला वाटलं खिडकी बंद आहे. खिडकी उघडी होती. पोरगा नुसते ओठ हलवत होता, आणि ताई त्याच्याकडे पाहून मान डोलवत होती. तो थांबल्यावर ती म्हणाली, "शाब्बास. बस." अख्खा वर्ग बाकांखाली तोंडं घालून हसत होता, आणि तीही त्यांच्याबरोबर हसली, कारण वर्ग हसतोय म्हणजे काहीतरी गमतीचं झालं असणार. मी त्या पोराला बाहेर काढून असं झापलं की त्याचे आईबाप दुसऱ्या दिवशी भांडायला आले. पण मला राग खरा त्याचा नव्हता. अठरा वर्षं मी तिच्या शेजारी बसत होते आणि ती "काय गं?" म्हणून पुन्हा विचारायची तेव्हा दोष एसटीच्या इंजिनाला देत होते. मी तोंड धुवायला गेले आणि तिथे बराच वेळ रडले.

जानेवारीतल्या एका शनिवारी एसटीत ताईनं पर्समधून एक कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. सव्वीस वर्षांची नोकरी, कारण: गुडघेदुखी, प्रवास झेपत नाही. सोमवारी मुख्याध्यापकांना द्यायचा होता.

"गुडघे?" मी तिच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाले.

बाहेरच्या हरभऱ्याकडे बघत ती म्हणाली, "पोरं काय म्हणतात ते मले कळत नाही धम्मशीला. आवाज येते, पण शब्द कापसात गुंडाळल्यावाणी येतात. न ऐकता शाब्बास म्हणायचा पगार किती दिवस घेऊ?"

हे वाक्य मी वाचलं होतं. त्याला टाळ्या पडलेल्या पाहिल्या होत्या.

"भाऊजींना सांगितलं?"

"नाही. अन् तूही सांगायचं नाही. तुले आपल्या चिन्मयची शप्पथ." चिन्मय माझा मुलगा. "त्या माणसाले कानापलीकडं देव नाही. त्याच्या घरात बायकोच बहिरी निघाली म्हणून सांगू? मलेही उघडून पाहतीन अन् किसनरावाकडं पाठवतीन."

ती हसली. मला हसू आलं नाही. तिला शिकवायला आवडतं, हे मी जेवढं पाहिलंय तेवढं कुणी पाहिलेलं नाही. पुस्तक न उघडता धडा म्हणणारी बाई आहे ती. नोकरी गेली तर ती त्या घरात दिवसभर काय करणार होती? रविवारची वाट बघणार होती?

दुसऱ्या दिवशी रविवार. मी ताईचा डबा परत करायचं निमित्त काढून साडेदहाला त्यांच्याकडे गेले. परीक्षा नुकतीच आटोपली होती. ताई स्वयंपाकघरात चहा टाकत होती. चिंतामणराव मागच्या खोलीत तीन यंत्रांपुढे सुतकी चेहऱ्यानं बसले होते.

"बसा मॅडम," ते म्हणाले. "आज सव्वा. दीड वर्षापूर्वी साडेनऊ होतं, आज सव्वा वाजला. तुमी विज्ञानाच्या, तुमीच सांगा. एक जपानी, एक दिव्याचा, एक कालचं पोर. तिघंही एकाच वेळी, एकाच हिशोबानं काऊन खचून राह्यले?"

मला शप्पथ होती. पण शप्पथ सांगण्याची होती, विचारण्याची नव्हती. मी वही मांडीवर घेतली आणि नववीच्या पोरांना विचारते तसं विचारलं, "प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळ्या जशाच्या तशा ठेवायच्या. तुम्ही काय काय तसंच ठेवलं?"

त्यांनी अभिमानानं बोटांवर मोजून दाखवलं. कीर्तन तेच. हेडफोन तेच. खुर्ची तीच. वेळ दहाची. पंखा बंद.

"आणि कान?"

"कान हिचा! तो कसा बदलन? तीस वर्षं तीच आहे न."

उन्हाचा संशय घेतला, विजेचा घेतला, जपानचा घेतला, किसनरावांचा घेतला, घरच्या भिंतीतल्या तारांचा घेतला. जगात जे बदलूच शकत नाही असं या माणसानं एकच धरलं होतं, ते म्हणजे बायको.

"एकदा तुम्ही घालून बघा," मी म्हणाले.

"माझा कान पक्षपाती..."

"बघा न भाऊजी."

त्यांनी हेडफोन घातले, डोळे मिटले, बटण फिरवलं आणि थांबले. मी पुठ्ठ्यावर पाहिलं. पावणेनऊ. त्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "दुरुस्त झाला! मॅडम, जपान्या दुरुस्त झाला!" मग दिवेवाला लावला. पावणेनऊ. नवा लावला. तिथेही तेच. आता मात्र ते गोंधळले. क्षणभरानं त्यांच्या तोंडावर पुन्हा तेज आलं. "म्हणजे या दोन वर्षांत माझा कान एवढा तयार झाला?"

देवा, या माणसाला मी काय म्हणू? मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढले, माझ्या डोक्यावर चढवले आणि बटण फिरवलं. साडेआठाला बुवा मला स्वच्छ ऐकू आले. मला, जिला ओला स्वर आणि कोरडा स्वर यातलं ओ की ठो कळत नाही. मी हेडफोन खाली ठेवले.

चिंतामणरावांनी वही ओढून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. आकडे नाही, आकड्यांपुढचे शब्द. साडेनऊ: "बुवा जरा लांब बसल्यासारखे वाटतात." साडेदहा: "स आणि श सारखेच." अकरा: "आवाज येतो, पण शब्द कापसात गुंडाळल्यासारखे." बारा: "बाईचा आवाज असता तर कळलाच नसता, पोरींचे तर मुळीच कळत नाहीत." यापुढे त्यांनी स्वतः कंसात लिहिलं होतं: कुठल्या पोरी? विषयांतर. साडेबारा: "गार्गीचा फोन आला की असंच होतं." गार्गी त्यांची नाशिकला असलेली मुलगी. ताई वर्षभर तिला फोन नको, मेसेज टाक म्हणत होती.

स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या. चिंतामणराव दाराकडे वळले, त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हळू हाक मारून पाहायची त्यांची छाती झाली नसावी.

"तुमाले माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"मला शप्पथ आहे," मी म्हणाले. "पण ती कानाची. अर्जाची नाही. उद्या ती नोकरी सोडतेय. गुडघ्यांसाठी."

ताई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघंही जमिनीकडे बघत होतो. तिनं वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि ट्रे खाली ठेवला.

सोमवारी अर्ज दिला गेला नाही. आम्ही तिघं बुलढाण्याला कान तपासायला गेलो. मी किरकोळ रजा टाकली, कारण ताईचं म्हणणं, "डॉक्टर काय म्हणतीन ते मले ऐकू येणार नाही, अन् हे ऐकून घेणार नाहीत." तपासणारी एक तरुण मुलगी होती. तिनं ताईला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन घातले आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणाली. चिंतामणरावांनी बाहेरून ते हेडफोन पाहिले आणि सवयीनं म्हणाले, "आवाजात हवा नाही यांच्या." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीत बसले.

मुलीनं आलेख आणून दाखवला. चिंतामणरावांनी पिशवीतून वही काढली. तिनं ती पाच मिनिटं चाळली आणि विचारलं, "काका, हे तुम्ही कुठे शिकलात? महिन्यामहिन्याची इतकी नीट नोंद आमच्याकडेही नसते." इतक्या वर्षांत जाणत्या माणसानं केलेलं हे त्यांचं पहिलं खरं कौतुक. ते त्यांना सहन झालं नाही, त्यांनी मान खाली घातली. मुलीनं सांगितलं, गेलेलं परत येत नाही, नस अधू झाली आहे. पण दोन्ही कानांना मशीन लावली तर वर्ग घेता येईल. पहिल्या बाकापासून सुरुवात करा, पंधरा दिवसांत सवय होईल. आधी आला असता तर सोपं गेलं असतं. हे सगळं मी ताईला कानाशी मोठ्यानं सांगितलं. तिनं पर्समधून निवृत्तीचा अर्ज काढला, उलटा केला, आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर मशीन कशी लावायची ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर चिंतामणराव जिन्यातच थांबले. डोळे लाल झाले होते. खाली गाड्यांची वर्दळ होती, म्हणून त्यांना ओरडून विचारावं लागलं. सगळा जिना वळून बघायला लागला.

"दोन वर्षं झाली स्नेहा! मले एकदाही काऊन नाही सांगितलं?"

ताईनं त्यांच्या ओठांकडे नीट पाहिलं. तिला प्रश्न पूर्ण कळला होता.

"सांगितलं न," ती म्हणाली. "दर रविवारी सांगितलं. तुमी लिहून घेतलं."